सारजाबाईंच्या नातवाला काय न्यायचं?

५ नोव्हेंबर, बुधवार

झाला! मुलगा झाला!

सारजाबाईंचा फोन. माझ्या माजी सासूबाई. घटस्फोटानंतर तीन वर्षं माझा नंबर त्यांना सापडत नव्हता, आज बरोबर सापडला. "वैजे, उदयसिंहला पोरगा झाला बरं का! ऋतुजाला भाऊ झाला. सोळाला बारसं हाय, पोरीला घिऊन ये. थोरल्या बहिणीचा हात पाळण्याला लागाय पायजे."

थोरली बहीण म्हणे! हीच थोरली बहीण जन्मली तेव्हा या बाई दवाखान्याच्या दारातूनच मागे फिरल्या होत्या. पेढे नाहीत, पाळणा नाही. "पुढच्या खेपंला करू की दोगांचं संगं." माझ्या पोरीचं नाव मी आणि दवाखान्यातल्या नर्सनं मिळून ठेवलं.

बघते म्हटलं. म्हणजे नाहीच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऋतुजाला सांगितलं. सांगायलाच नको होतं.

नऊ वर्षांची आहे. मला वाटलं रुसेल, रडेल. तर पहिला प्रश्न — "आपण त्याला काय न्यायचं?" जायचं का, हा प्रश्नच नाही! ज्या बापानं भेटायला यायचं कोर्टात कबूल केलं आणि इनमीन दोनदा आला, दोन्ही वेळा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, त्याच्या पोराला काय न्यायचं याची काळजी हिला.

कुणावर गेली आहे ही? माझ्यावर तर नक्कीच नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

कंपनीत सगळ्यांना समजलं. टॉवेल तपासता तपासता तोंडं मोकळीच असतात ना! शेजारच्या टेबलावरच्या सावित्रम्मानं निकाल देऊन टाकला — "एमी वद्दु! कायबी देऊ नको. तुझी सवत ती. सवतीच्या पोराला कोण देतंय?" दुसरीचं मत, चांदीचं दे, तोंडात मारल्यासारखं होईल. तिसरी म्हणाली, आपल्याच कंपनीचा टॉवेल दे, मऊ असतो.

दिवसभर परदेशातल्या बाळांची अंगं पुसायचे टॉवेल तपासते. आता उदयसिंहाच्या बाळाचंही अंग पुसू? राहू दे.

बारसं खरं तर माहेरी व्हायचं. पण सोनमला, म्हणजे उदयसिंहाच्या या नव्या बायकोला, मामानं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि हात झटकले. पोरगी बावीसची, उदयसिंह चाळिशीचा. काय बघून हो म्हणाली देव जाणे. बुलेट बघून असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

शेवटी पोरीपुढं हरले, सोलापूरची नवी पेठ पालथी घातली. पाय दुखतायत, डोकं त्याहून जास्त.

काय काय विकतात! चकचकीत कागदात गुंडाळलेला 'बेबी सेट' — पावडर, तेल, साबण आणि कंगवा. ज्याच्या डोक्यावर केस नाहीत त्याला कंगवा! बाळाच्या दुप्पट मोठं अस्वल. तीन महिन्यांच्या पोराला कोट आणि टाय — तो बघून मला हसूच आलं. उदयसिंहाचं पोरगं, म्हणजे जन्मतःच पुढारी. सराफाकडे वाळे बघितले. त्यानं आधी आमच्या चपला बघितल्या, मग म्हणाला, "हलक्यात दाखवू?" दाखवले. फुंकर मारली तर उडाले असते.

ऋतुजा सगळ्या दुकानांत गप्प. शेवटी एका दुकानदाराला तिनंच विचारलं, "काका, बाळाला डास चावू नयेत म्हणून काय मिळतं?"

हे कुठून सुचलं, विचारलं. तर म्हणते, "आई, तिथं गोठ्याला लागून खोली आहे ना. मला लई चावायचे." सहा वर्षांची असताना ते घर सोडलं हिनं. एकदा डोळा सुजून बंद झाला होता, तेव्हा सारजाबाई म्हणाल्या होत्या, "डासानं कोण मरत न्हाय." मी विसरले नव्हते. पण हीसुद्धा विसरली नाही, हे आज समजलं.

टिळक चौकात गाड्यावर बाळाची मच्छरदाणी मिळाली. छत्रीसारखी उघडायची, मिटायची, निळी, कडेला झालर. पोरीनं जाळीच्या भोकात करंगळी घालून बघितली, चारदा उघडली, चारदा मिटली. गाडेवाला वैतागला. मग म्हणाली, "हीच."

स्वस्तातली आहे. आणि सबंध नव्या पेठेत कामाची तेवढीच एक वस्तू होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सारजाबाई पुन्हा फोनवर. "काय आणू नगा. रिकाम्या हातानं आला तरी चालंल की!" म्हणजे चालणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल गेलो. आज कंपनीला दांडी. लिहून टाकल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

माळशिरसला गाडी बदलून नातेपुत्याला पोचलो. मी स्टँडवरच बसणार होते, पोरीला न्यायला नणंद मायाक्का आली होती. पण ऋतुजा हलेना. "तू नाही तर मीपण नाही." गेले. काय करणार!

दारात हा एवढा फ्लेक्स — 'आमच्या घरी राजा आला!' राजा कोपऱ्यात, बारका. बापाचाच फोटो मोठा, गॉगल लावून. बारा दिवसांच्या बाळाला डीजे! पोर दचकून दचकून रडतंय आणि आजी म्हणते, "गाणं आवडतंय त्येला!"

मग आहेर. तोही माइकवर! अमक्यांकडून अंगठी, तमक्यांकडून साखळी. माइकवाल्यानं ऋतुजाच्या हातातलं पुडकं घेतलं, फाडलं आणि थबकला. "उदयसिंहरावांच्या कन्या ऋतुजाताई यांच्याकडून... एक... मच्छरदाणी!"

मांडव हसला. सगळा. उदयसिंह तर माइकजवळच उभा. "आईनं शिकवलेली दिसतीया काटकसर!" पुन्हा हशा. सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला. ऋतुजाचे कान लालबुंद. पण रडली नाही. मी उठले. तिचा हात धरून सरळ स्टँड गाठायचा, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात सोनम पाटावरून उठली. काडी झालीय नुसती. माइकवाल्याच्या हातातून मच्छरदाणी घेतली, बाळाला पाळण्यातून काढून गादीवर ठेवलं आणि वरून ती उघडली. कुणाला विचारलं नाही. "रातभर झोपत न्हाय ह्यो," म्हणाली, "अंगावर नुसते फोड उठल्यात. हे कुणाच्याच ध्यानात आलं न्हवतं." मग ऋतुजाला जवळ बसवून घेतलं. दोघी जाळीतून बघत बसल्या.

हसणं थांबलं. सारजाबाई म्हणाल्या, "बाळाला पाळण्यात घाल! मुहूर्त चाललाय!"

मी मनात म्हटलं, बरं नाटक जमतं बाईला. चार लोकांत चांगुलपणा मिरवायचा.

मायाक्कानं कानात कुर्रर्र केलं आणि नाव फोडलं — ऋतुराज. माझं टाळकंच फिरलं. नवरा घेतलास, घर घेतलंस, आता नावही माझ्या पोरीचंच उचललंस?

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात गाठली तिला. म्हटलं, नाव छान शोधलं. टोमणा तिला समजलाच नाही. "मीच धरून बसले व्हते, ताई. ऋतुजाच्या जोडीला ऋतुराज. भाऊ-बहीण वाटाय पायजेत की!" चुलीच्या धगीतसुद्धा पदर गळ्याशी गच्च आवळलेला. मर्यादेचं केवढं ते प्रदर्शन!

मग हळूच — "ताई, तुमी हितनं गेला तवा पयल्यांदा कुटं गेला व्हता?"

लोकांच्या जखमा उकरायची हौस बघा! कोरडंच सांगितलं, मैत्रिणीकडे.

"आता कुटं ऱ्हाता?"

"सोलापूरला. बाळे म्हणून भाग आहे, तिथं. खंडोबाच्या देवळामागं."

"बाळ्यात. खंडोबाच्या देवळामागं," ती पुटपुटली. शाळेतलं पोर पाठ करतं तसं. दारातून उदयसिंहाची हाक आली आणि हातातलं भांडं तसंच टाकून पळाली. एवढी नवऱ्याची भक्ती! मी असले चोचले कधी केले नाहीत. म्हणून तर आज माझ्या पायावर उभी आहे.

परतीच्या गाडीत ऋतुजा म्हणाली, "ती चांगली आहे."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सावित्रम्माला सगळं सांगितलं. माइकची नक्कल करून दाखवली, टेबलावरच्या सगळ्या हसल्या. सोनमचीही केली — "बाळ्यात, खंडोबाच्या देवळामागं!" त्यावर मात्र सावित्रम्मा हसली नाही. "कशाला विचारलं असेल गं?" म्हणाली. मी म्हटलं, भोचकपणा, दुसरं काय!

२२ नोव्हेंबर, शनिवार

उदयसिंहाच्या स्टेटसला बारशाचे चाळीस फोटो. चाळिसांतल्या तिसांत तोच. सोनम दोनांत. दोन्हींत खाली मान.

ऋतुजा विचारते, "ऋतुराजला आता झोप लागत असेल ना?" लागत असेल, म्हटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी डबा भरत होते. कडी वाजली.

दारात सोनम. पायात चप्पल नाही. बाळ छातीशी. ओठ फुटलेला, पदर सुटलेला, गळ्यावर बोटांचे वळ — काही ताजे, काही पिवळे पडलेले, जुने. मी हातात डबा घेऊन दारातच उभी.

मागून ऋतुजा आली. "आई, दार अडवून का उभी आहेस?"

बाजूला झाले.