तंबूची चेन

मैत्रेयी,

तुझी पोरं झोपलीत, उठवू नकोस. अंगावरचे चट्टे गोवराचे नाहीत, वांगणीच्या डासांचे आहेत.

कॅम्पिंगचा धडा एकच: मुलं लहान असतील तर तंबूची चेन लावावी. मी तीनदा लावली, राजरत्नने तीनदा उघडली. म्हणाला, "आबा, पप्पा दुबईहून आले तर आत कसे येणार?"

आपला प्रमोद गेला त्या दिवशी, 'पप्पा दुबईला गेलेत' ही थाप पोरांना मीच मारली. जन्मभर विनोदी लेख लिहिले, पण माझ्यावर इतका विश्वास कुणी ठेवला नव्हता.

मलम आणायला कात्रपच्या औषधाच्या दुकानात गेलोय. आलो की दोघं मिळून खरं सांगू. तू एकटी सांगू नकोस, थाप माझी आहे. चहा झाकून ठेवलाय.

चौथ्यांदा मी चेन उघडीच ठेवली. चट्टे माझ्याही अंगावर आहेत.

— आबा