मागच्या खोलीचा तुकडा

मंगळवार, १२ मार्च

धाकटे,

मी बरा आहे. तूही बरीच असशील असं धरून चालतो, विचारून तू सांगतेस थोडीच. गुडघा कुरकुरतो, रंधा अजून चालतो. दोन दारांचं काम अंगावर आहे, पाल्हाळ लावायला वेळ नाही. तरी हे पत्र लांबणार.

नगरपालिकेने पुढच्या तीस वर्षांचा आराखडा काढलाय. आपली गल्ली त्यात नाही. तिच्या जागी ओढा आहे. आपल्या जन्माआधी बुजवलेला ओढा त्यांना परत उघडायचाय, म्हणजे पुराच्या पाण्याला जायला जागा होईल. पाणी शिरतं हे खरंच, दर पावसाळ्यात खालच्या सुतारकामाच्या कारखान्यातून घोटाभर पाणी मीच उपसतो. पण म्हणून काय घरं उठवायची? हरकत घ्यायला तणतणत गेलो.

सभागृहात मोठ्या टेबलावर अख्खं शहर मांडलेलं. लाकडाचं.

दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्यात माझा जन्म गेला, पण तिथे ठेवायला नाव सापडेना. पाण्याची टाकी, शाळेची कमान, गल्लीन् गल्ली, घरं नखाएवढी. एकही चिकटवलेलं नाही, प्रत्येक घर खुंटीवर बसवलेलं. जे जाणार ते उचलायचं, जे येणार ते बसवायचं. टेकडीवर नवी वस्ती, आणि शेतांच्या कडेने एक लाल रेघ, तिच्यापुढे शहराने पाऊल टाकायचं नाही.

आपलं घर सापडलं. जिना बरोबर, कारखान्याचं दार बरोबर. फक्त मागून आखूड. मागची खोलीच नव्हती.

ती खोली तू पाहिलेली नाहीस. त्याचं पुढे बघू.

चुकीचं माप डोळ्यांसमोर असलं की मला घास उतरत नाही. घरी येऊन एक तुकडा तासला, त्याला खिडकी कोरली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन डिंकाने चिकटवून आलो. पहारेकऱ्याला वाटलं मी त्यांचाच माणूस. समोरच्या शिंप्याला हे सांगितलं तर त्याने कपाळ बडवून घेतलं. "अरे शहाण्या, ती खोली बिनपरवानगीची ना? चोराने चौकीत जाऊन चोरीची पावती मागावी, तसं केलंस!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग सुनावणी. शिंपीही सोबत आला. एका रस्त्याच्या रुंदीवरून दोन नगरसेवक हातघाईवर आले. मी कंटाळून आराखडेवाल्या बाईंना विचारलं, "ओढ्याकाठची ही झाडं मोठी कधी होणार?"

"मी रिटायर झाल्यावर."

"मग सावलीत बसणार कोण?"

"ज्यांच्या आया आत्ता शाळेत जातायत, ते."

मी पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक धरत नाही, आणि ही माणसं अजून न जन्मलेल्या पोरांसाठी घसा फोडत होती. त्या भांडखोर नगरसेवकांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, गुडघा.

तिथली रीत अशी, की ज्याचं घर जाणार त्यानेच ते टेबलावरून उचलायचं. नाही उचललं तर हरकत कायम, पुन्हा सुनावणी. माझी पाळी आली. नगराध्यक्षबाईंनी चष्मा सावरला.

"हे मागे काय लावलंय? आमच्याकडे नाही."

"खोली."

"कोण राहतं?"

"कोणी नाही."

"मग बांधली कोणासाठी?"

शिंपी उगाच खोकला. मी म्हणालो, "बहिणीसाठी. या घरात मला जागा नाही म्हणाली आणि दार आपटून गेली. मग जागा केली."

"आली का ती?"

"तिला सांगितलंच नाही."

दंड ठोठावणार असं धरून मी उभा. त्या म्हणाल्या, "उचलायचं का, ते तुम्ही ठरवा."

मी उचललं.

खाली निळं. त्यांनी घराखाली आधीच ओढा रंगवून ठेवला होता. जन्मभर ज्याच्यावर आपण झोपलो, जेवलो, भांडलो, ते पाणी पहिल्यांदा बघितलं. किती वेळ बघत होतो कोण जाणे, शिंप्याने कोपर मारलं.

टेकडीवर जागा देणार आहेत. आराखडेवाल्या बाईंनी विचारलं, माणसं किती? मी दोन म्हणालो.

घर निम्मं तुझं. तुला न विचारता उचललं. भांडायचं असेल तर समोर येऊन भांड, पत्रातून मला ऐकू येत नाही.

तो तुकडा त्यांच्याकडून मागून आणलाय, पाकिटात घालतो. डिंक पक्का बसला होता, त्यामुळे घराचा एक कपचा सोबत आलाय. राहू दे तसाच. नव्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला हवी तेवढं कळव. वरून ओढा दिसेल. चौकट मला आधी करावी लागते, भिंत मागून येते.

वाट बघत नाही. लाकूड मात्र कापून ठेवलंय.

दादा