लाल सोनं

५ जानेवारी. खासबाग, बेळगाव. सकाळी ७.
नवी वही. ठराव: पीएच.डी. जूनच्या आत. सहावं वर्ष चालू आहे, पण मोठ्या कामाला वेळ लागतोच. काम थोडक्यात असं: सोन्याचे इतके बारीक कण करायचे, की पाणी कोकम सरबतासारखं लाल दिसतं. ते शरीरात सोडले की कॅन्सरच्या गाठीला जाऊन चिकटणार आणि स्कॅनमध्ये गाठ लखलखणार. कापाकापी नाही. कण अजून गाठीला चिकटत नाहीत, एवढंच बाकी आहे.

१८ जानेवारी. निपाणी.
आईच्या उजव्या गालात आतून पांढरा चट्टा, मध्ये फोड. मोबाईलच्या टॉर्चनं पाहिला. आयुष्यभर विड्या वळल्या, आणि पन्नास वर्षं रोज सकाळी दाताला तंबाखूची मिसरी. थोरली बहीण सुविधाआक्का सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिनं लगेच घाई सुरू केली. आजच्या आज बेळगावला न्हे, तुकडा तपासायला दे, म्हणाली. मी शांतपणे समजावलं की तुकडा काढणं ही जुनी पद्धत झाली. आई उलट तिच्यावरच चिडली. घरात डाक्टर असताना भाईरच्याला कशाला दावायचं, म्हणाली. गल्लीभर ती मला डॉक्टरच म्हणते. मी कधी दुरुस्त केलं नाही, जूनमध्ये होणारच आहे.
ठराव: आई माझी पहिली पेशंट. तारीख १५ फेब्रुवारी.

२ फेब्रुवारी.
सोल्यूशन सुंदर लाल. गाठ ओळखणारं प्रोटीन त्यात टाकलं. दहा मिनिटांत निळं. म्हणजे कण गाठीऐवजी एकमेकांनाच चिकटले. फ्लास्क नीट धुतला नव्हता. मीच धुतला होता, पण घाईत.

१५ फेब्रुवारी.
निळं. दोष कॉलेजच्या पाण्याचा. गाइड सरांनी विचारलं, निदान उंदरांवर कधी? कॉलेजात उंदीर नाहीत. हॉस्टेलात लई आहेत, पण ते नियमात बसत नाहीत. आईची तारीख १५ मार्च केली. आक्काचे सात मिस्ड कॉल. नर्स लोकांना संशोधन कळत नाही.

३ मार्च. निपाणी.
आईनं कानातली फुलं काढून माझ्या हातावर ठेवली. सोनं कमी पडत असंल तर हे घाल, माझ्यासाठनंच कराय लागलाईस न्हवं, म्हणाली. आमचं सोनं बाटलीतून येतं, पिवळा क्षार असतो, दागिने वितळवून काही होत नाही. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. घेतली. तिला बरं वाटतं, आणि आजारात मनाचा भाग मोठा असतो. लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहेत.
चट्टा वाढलाय. स्कॅनच्या दृष्टीनं वाईट नाही, मोठी गाठ जास्त स्पष्ट दिसते.
वरचं वाक्य खोडावं का? राहू दे.

२० मार्च.
निळं. केमिकलची बाटली जुनी निघाली. नवी मागवली. तोपर्यंत आईची तारीख सांगता येत नाही.

२८ मार्च.
आई भाकरी दुधात कुस्करून खाते. तोंड पुरतं उघडत नाही. फोनवर तिचं अर्धं बोलणं कळत नाही. आक्का म्हणाली, आता पुरे कर रं दीपू. मी फोन कट केला.
ठराव: आक्काशी वाद घालायचा नाही.

९ एप्रिल. दुपारी ४.
लाल! पूर्ण एक तास लाल! आईला फोटो पाठवला. आक्काच्या फोनवरून तिनं अंगठा पाठवला.

१० एप्रिल.
निळं.

२२ एप्रिल. बेळगाव, हॉस्पिटल.
आक्का मला न विचारता आईला घेऊन आली. मला फोन केला तो इथं पोचल्यावर.
आईचं तोंड दोन बोटांएवढंच उघडलं. डॉक्टरांनी साधी टॉर्च लावली. अर्धं मिनिट. मग मानेला हात लावला, तिथंही गाठ. किती दिवस झाले, विचारलं. आईनंच सांगितलं, जानेवारीपास्नं, पर माझा ल्योक बघतोय, तो ह्याचाच डाक्टर हाय. डॉक्टर माझ्याकडं वळून इंग्रजीत बोलले, आईला कळू नये म्हणून. जानेवारीत छोटं ऑपरेशन पुरलं असतं. आता जबडा काढावा लागेल, आणि तरीही खात्री नाही.
१८ जानेवारीला मीही टॉर्चच लावली होती. तेव्हाच ओळखलं होतं. घाबरलो होतो.
स्कॅनच्या आधी नर्सनं दागिने काढायला सांगितले. आईनं मोकळ्या कानाला हात लावला. सोनं लेकाकडं हाय, म्हणाली.
हाताला सुई लावली. स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून सगळ्यांना देतात ते आयोडिनचं औषध. आत नेताना आईनं मला जवळ बोलावलं. सुईतनं घालत्यात ते तुझंच सोनं न्हवं, असं विचारलं.
मी हो म्हणालो.