वरच्या फळीवरच्या चार टाक्या

प्रिय बारके,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. माझं वजन मात्र विचारू नकोस. गुडघे कुरकुरतात आणि डॉक्टरांनी स्टुलावर चढणं बंद केलंय. तुझं चष्म्याचं दुकान छान चाललंय असं कानावर आहे. नजर तुझी पहिल्यापासूनच बारीक.

आपल्या सरांची ती प्रयोगशाळा आता माझ्या ताब्यात आहे. खिडकीखालचं बेसिन अजून तुंबतं, काचेच्या टाक्या अजून दोन फळ्यांवरच असतात. नवी मुलं पहिल्या दिवशी विचारतात, बेडूकमाशाला पाय कशाने फुटतात? मी सांगते, थायरॉइडच्या संप्रेरकाने. ते नसेल तर तो पोहतच राहतो, नुसता आकाराने वाढत जातो. पण हा एकट्याचा कारभार नाही. पाणी आटलं, गर्दी झाली, की अंगात ताणाचं संप्रेरक वाढतं. ते एकटं असेल तर उलट वाढ खुंटते. थायरॉइडच्या जोडीला आलं की त्याचा जोर वाढवतं आणि शेपूट वेळेआधीच जाते. बेडूक लवकर तयार होतो, पण लहानखुरा. प्रोलॅक्टिन हे तिसरं संप्रेरक या सगळ्याला ब्रेक लावतं असं आपण घोकलं होतं, तेही आता तितकं सरळ राहिलेलं नाही. माझी सगळी नोकरी या जोडीच्या अभ्यासावर निघाली. ही कल्पना सुचली कुठून, असं कुणी विचारलं की मी हसून वेळ मारून नेते.

तुझी आई दवाखान्यात होती, तेव्हा तू शनिवारी दुपारची गाडी धरायचीस, ती सोमवारी अकराला परत. पाणी बदलायचं काम माझ्यावर सोपवायचीस आणि मी म्हणायचे, निर्धास्त जा. खालच्या फळीवर साध्या पाण्याच्या टाक्या, वरच्या फळीवर थायरॉइडच्या चार. औषध तू ड्रममध्येच मोजून कालवून ठेवायचीस. मला फक्त बादल्या वर चढवायच्या होत्या. शनिवारी शिपाईकाकांना सुट्टी. खालच्या टाक्या भरेपर्यंतच मी मेटाकुटीला यायचे, मग वरच्या निम्म्याच भरायचे. सोमवारी सकाळी काका बादल्या उचलून द्यायचे आणि तू यायच्या आत पाणी खुणेपर्यंत यायचं. सहा आठवडे हेच चाललं. म्हटलं, औषधाचं प्रमाण तर तेच आहे, बिघडतंय काय?

तुझे बेडूकमासे हिशेबापेक्षा नऊ दिवस आधी बेडूक झाले, तेही नखाएवढे. सरांनी सगळ्यांदेखत तुझी वही टेबलावर आपटली. डोसचं दशांशचिन्ह चुकलंय म्हणाले. तू आकडे पुन्हा पुन्हा मांडलेस. मग त्यांनी मला विचारलं, पाणी कसं बदललं. माझी शिष्यवृत्ती त्याच महिन्यात पुढे चालू व्हायची होती. मी म्हटलं, "नेहमीसारखंच, सर." तू वही मिटलीस आणि म्हणालीस, "माझ्याच हातून चुकलं असेल."

तू संशोधन सोडून गेल्यावर वर्षभराने मी मुद्दाम निम्म्या पाण्यावर तोच प्रयोग लावला. तसंच घडलं. त्यावर मला पदवी मिळाली. मला लाज वाटते, आणि ती तेव्हाही वाटत होती, पण गप्प बसणं अंगवळणी पडत गेलं.

हे पत्र मी कदाचित कधीच लिहिलं नसतं. पण मंगळवारी संशोधनासाठी आलेले अर्ज चाळताना तुझ्या लेकीचा अर्ज हाती लागला. हे काम का करायचंय, या प्रश्नाखाली तिने लिहिलंय की आईने डोस चुकल्यामुळे संशोधन सोडलं, म्हणून चुका न करता काम करायला शिकायचंय. म्हणजे तू घरी हेच सांगत आलीस, आणि स्वतःलाही. तुझी वही कपाटात होती. मी एकेक आकडा पुन्हा मांडून पाहिला. डोस बरोबर होता, बारके, सहाही आठवडे. विभागाला मी तसं सही करून लिहून दिलंय, प्रत सोबत जोडली आहे. मुलाखत अठरा तारखेला आहे. लेक माझ्यासमोर येऊन बसण्याआधी हे तिला तुझ्या तोंडून कळू दे. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही, तर तिचं बरोबरच असेल.

अजून म्हणू दिलंस तर तुझीच,
ढमी