नकलेची पाळी

रविवार, ३ मार्च

पुन्हा तेच! जेवणं झाली, ताटं उचलली आणि सासूबाई म्हणाल्या, "चला, आता नकला." सगळे जमले की आमच्याकडे नकला होतातच. आणि धाकटी जाऊ उठली की नक्कल कुणाची, हे विचारायलाच नको. खांदे आक्रसले, मान खाली घातली, माझा आवाज काढला – "हिम इज माय हजबंड!"

नऊ वर्षांपूर्वी ह्यांच्या साहेबांसमोर मी ते वाक्य बोलले. एकदाच. 'ही इज' म्हणायचं तिथे 'हिम इज'. तेव्हापासून या घरात मी 'हिमवहिनी'. सगळे हसतात. हेसुद्धा. मीही हसते – टेबलावरच्या कापडाचा कोपरा बोटांनी गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

आज लेकही हसली. एरवी हसण्याआधी ती माझ्याकडे बघायची तरी. आज बघितलं नाही.

मंगळवार, ५ मार्च

लेक म्हणाली, "आई, पुढच्या शुक्रवारी शाळेत पालकसभेला बाबाच येऊ दे. म्हणजे तूही ये... पण बोलू नकोस हं." चौदा वर्षांची. माझ्या पोटची!

हे तिचं बोलणं नाही. जावेनं पेरलंय, ते उगवलंय. बघून घेईन.

गुरुवार, ७ मार्च

छापखान्याच्या वरच्या खोलीत संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो. चष्म्याच्या दुकानातून थेट तिथे गेले. घरी थाप मारली – नव्या फ्रेमा आल्यात, मांडायच्यात. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाकावर! गुडघे मावत नाहीत.

शिकवणाऱ्या बाई शांत आहेत. त्यांचा एक नियम – कुणी चुकलं की शेजारणीनं कानात सांगायचं. मोठ्यानं नाही. म्हटलं, काय हे लाड! मी तर मोठ्यानं सांगता यावं म्हणूनच आलेय.

सोमवार, ११ मार्च

जो करतो तो 'ही', ती 'शी', आपण 'आय'. ज्याच्यावर बेततं तो 'हिम', ती 'हर'. आणि सगळ्यात घोटाळा 'मी'चा. आपली मी म्हणजे त्यांची 'आय'. त्यांची 'मी' म्हणजे मला. मला हसले, मला दुखवलं, मला गप्प बसवलं. मग नऊ वर्षं मी त्यांचीच 'मी' होते की!

वाक्यं लिहायला सांगितली. मी लिहिलं – आय पुश्ड हर. आय सॉ हर फॉल. आय डिड नॉट हेल्प हर. बाईंनी वाचून विचारलं, "ही 'हर' कोण हो?"

"कुणी नाही. सहज."

"एखादं बरं वाक्यही द्या की बिचारीला."

नाही दिलं.

शुक्रवार, १५ मार्च

शाळेत हे गेले. मी दुकानात दिवसभर लोकांचे चष्मे पुसत बसले.

शनिवार, २३ मार्च

सापडली! जाऊबाई आल्या होत्या. मोठ्या हॉटेलात काउंटरवर असतात ना, त्यामुळे फोनही त्याच ऐटीत. "थँक यू फॉर इन्व्हायटिंग माय हजबंड अँड आय!" कानाला काहीतरी टोचलं. बाईंनी सांगितलंय – वाक्यात जोडी असली की एकाला बाजूला काढा आणि उरलेल्याला एकटं ऐका. भाऊजींना काढलं बाजूला. उरलं काय? इन्व्हायटिंग आय! 'मी' पाहिजे. 'मी'!

ओट्याशी तोंडावर हात दाबून हसले. कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली.

रविवार, ७ एप्रिल

आज केलं.

सासूबाई म्हणाल्या, "चला, नकला." जाऊ उठायच्या आत मीच उठले. "आज माझी पाळी." हे म्हणाले, "तू?" म्हटलं, मी!

हनुवटी वर, एक भुवई त्याहून वर, कानाशी चमचा – फोन म्हणून. "थँक यू फॉर इन्व्हायटिंग माय हजबंड अँड आय!" हुबेहूब! मग भाऊजींचा दंड धरून त्यांना खुर्चीवरून उठवलं. "भाऊजी, जरा बाजूला व्हा बघू. आता बाईसाहेब एकट्या." रिकाम्या खुर्चीला हात लावून पुन्हा – "थँक यू फॉर इन्व्हायटिंग आय!" मग काय चुकलं ते फोड करून सांगितलं. मोठ्यानं.

काय हसले सगळे! सासूबाईंना ठसका लागला. भाऊजी म्हणाले, "अगं, मी नसलो की तुझं इंग्रजीच कोसळतं!" लेक ओरडली, "आई, पुन्हा! पुन्हा कर!"

पुन्हा केलं. आणि मधेच जावेकडे बघितलं. तीही हसत होती. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. बोटं मात्र टेबलाच्या कापडावर – कोपरा गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

तिसऱ्यांदा कर म्हणाले. केलं. ते नसतं केलं तरी चाललं असतं.

भांडी आवरताना ती शेजारी आली. म्हणाली, "वहिनी, खरंच चुकतं का ते? मी रोज बोलते हो तसं. सगळ्या पाहुण्यांसमोर."

"चुकतं."

"इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही मला."

मी नळ मोठा केला.

सोमवार, ८ एप्रिल

लेक म्हणते, पुढच्या वेळी शाळेत तूच ये. जिंकले! छापखान्यावरच्या वर्गाचं गुपितही तिला सांगून टाकलं.

आरशासमोर उभी राहून काकूची नक्कल बसवत होती. एक भुवई वर. माझ्यापेक्षा छान जमते तिला. गंमत वाटायला हवी होती.

मंगळवार, ९ एप्रिल

भाऊजींचा ह्यांना फोन. घरात आता जावेला सगळे 'आयबाई' म्हणतात म्हणे. हे हसून हसून लाल. मला 'हिमवहिनी' म्हणणारं कुणी उरलं नाही. हेच तर हवं होतं ना मला?

गुरुवार, ११ एप्रिल

वर्गाच्या दारात जाऊ. पत्ता लेकीनं दिला म्हणे. मला बघून परत फिरायला लागली, पण बाईंनी हाताला धरून माझ्याच शेजारी बसवली. पहिलंच वाक्य चुकली. सगळा वर्ग बघत होता. तिची बोटं रुमालाच्या कोपऱ्याशी गेली.

मी वाकले. कानाशी.