खिडकीतला तांब्या

ताडकळस,
९ डिसेंबर २०२४

चि. राजेश्री,
सप्रेम जयभीम.

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. "मावशी, बोला की" असा निरोपही ठेवलास. मॅडम म्हण, किती वेळा सांगितलं! गंगाखेडला बदलीच्या जागी राहायची सोय झाली का? स्कूटीवरून जाताना उसाच्या ट्रॉल्यांमागे राहू नकोस. इकडे थंडी पडली आहे. तुरीला शेंगा धरल्यात.

काकांची तब्येत आहे तशी आहे.

यांचे व्यायाम घ्यायला तुझ्या जागी दुसरी मुलगी पाठवतो म्हणाले होते दवाखान्यातले, कुणी आलं नाही. परभणीच्या थेरपिस्ट बाई मोबाइलवर दिसतात. बाई चांगल्या आहेत. पण हात कुठे धरायचा, किती ओढायचा, हे पडद्यातून कसं कळणार? म्हणून तर त्यांनी तुला शिकवून गावोगाव पाठवलं होतं.

तुझा नियम मी मोडला नव्हता. तांब्या यांच्या उजव्या अंगाला, खिडकीतच. तहान लागली की लकवा मारलेला हात यांनीच पुढे करायचा. दिवाळीत बोटं तांब्याला टेकली होती. फोटो पाठवला होता तुला.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आजारी माणसाला दोन घास भरवल्याशिवाय आपल्याकडे कोण उठतं? यांची थोरली बहीण गीताबाई तर पूर्णेहून राहायलाच आल्या. आल्या आल्या बरसल्या, "माझ्या भावाला पाण्यासाठी तरसवायलीस? ही काय तुझी शाळा हाय का, हात वर करा म्हणायला?" सगळे हसले. हेही हसले, अर्ध्या तोंडाने. मी म्हणाले, "ताई, तुम्ही मधे पडू नका."

त्याच दुपारी यांनी सगळ्यांसमोर हात नेला. तांब्या कलंडला, पायजमा भिजला. शेजारचे मुंजाजी म्हणाले, "मास्तर, राहू द्या की. आमी कशाला हाव?" फार मायेने म्हणाले. यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर हात उचललाच नाही. चमचा दिसला की तोंड उघडतात. मी ओरडले, शाळेत कुणावर ओरडले नव्हते इतकी. मग विनवलं. तेही करून झालं.

राजेश्री, आहे तशी आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. बोटं वळून मूठ झाली आहे. तळव्यात नखं रुततात म्हणून मी मधे फडक्याची गुंडाळी कोंबते. थेरपिस्ट बाईंनी ते पाहिलं आणि नखं कापत राहा, एवढंच सांगितलं.

काल तांब्या खिडकीतून उचलून मी स्वयंपाकघरात ठेवला. गीताबाईंना वाटलं, मी अखेर त्यांचं ऐकलं.

इकडच्या बाजाराला कधी आलीस तरी घरी येऊ नकोस. इतक्या लोकांत हे फक्त तुझंच ऐकायचे. तू दारात दिसलीस तर हात पुढे करायला बघतील. मूठ तुझ्यासमोरही उघडायची नाही, आणि हात गेला हे यांना तेव्हा कळेल.

जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
मावशी