माझे घर अकराव्या खेळाडूस

त्या सकाळी मी अंगणात क्लबच्या जर्सी वाळत घालत होते. वारा वायव्येचा होता, त्यामुळे ओल्या बाह्या माझ्याच थोबाडीत मारत होत्या. कोंबड्यांना दाणे टाकून झाले होते, आत चहा तयार होता. आमच्याकडे तीन कप चहा हा माणसाचा हक्क आहे. पुरे झाला की चमचा कपात ठेवायचा, म्हणजे पुन्हा कोणी ओतत नाही. खिडकीतून पाहते तर विआर्डने दुसऱ्या कपानंतरच चमचा ठेवलेला.

"तिसरा काय मांजर पिणार?" मी ओरडले.

"तू पी," तो म्हणाला. "मी जरा डोळे मिटतो."

उरलेल्या जर्सी टांगून मी आत गेले, तेव्हा माझा नवरा गेलेला होता. बशीत अर्धे बिस्कीट होते. याला चार वर्षे झाली. तिसरा कप मी रोज ओतते आणि रोज मीच पिते.

हे आधी लिहून टाकले, म्हणजे पुढे हात मोकळा राहील. आता कामाचे.

मी, गेस्के उब्बेन, माहेरची डिर्क्स, वय सत्त्याहत्तर, बोटीचे कप्तान विआर्ड उब्बेन यांची विधवा, राहणार हायेसांड बेट, बंधाऱ्यालगतचे हिरव्या दाराचे घर, असे जाहीर करते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; ज्याने आणून पाहिला त्याचे नाव पुढे येईलच. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली. बाकीचे वाचून शिकले, आणि मृत्युपत्राचा कायदाही वाचनालयातून आणून दोनदा वाचला. तो म्हणतो, सगळे स्वतःच्या हाताने लिहा आणि खाली सही करा. साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावले आहे, कारण या बेटावर ज्या गोष्टीला साक्षीदार नाही ती घडलेलीच नसते.

कलम पहिले : रेमर

विआर्डचा पुतण्या रेमर उब्बेन ब्रेमेनमध्ये दातांचा डॉक्टर आहे. विआर्डच्या दफनानंतर सगळे चहाला बसले, तेव्हा या गृहस्थाने केकचा घास तोंडात ठेवून खिशातून मोजपट्टी काढली आणि माझ्या भिंती मोजल्या.

"सहज हं, काकू. इथं तीन फ्लॅट आरामात निघतात. उन्हाळ्यातले पाहुणे मागाल ते भाडं देतात."

"आणि मी कुठं जाऊ?"

"तुमच्यासाठी छानसा वृद्धाश्रम बघू की. समुद्र दिसणारा."

"समुद्र मला इथूनही दिसतो रे. तोही फुकट."

रेमरला मी विआर्डची कवळी देते. ती त्यानेच बनवली होती आणि ती कधीच नीट बसली नाही. याउपर पुतण्याला माझ्याकडून कायद्याने काही मागता येत नाही, हेही मी वाचून ठेवले आहे.

कलम दुसरे : चेंडू

आमचा फुटबॉलचा क्लब टुस हायेसांड. १९२७ साली बचावनौकेवरच्या खलाशांनी तो काढला, कारण त्या हिवाळ्यात कोणी बुडायलाच येईना आणि बसून बसून त्यांच्यात मारामाऱ्या होऊ लागल्या. पहिली जाळी मासे पकडायची होती. तिच्यात चेंडू कमी आणि गोलकीपर जास्त अडकला. मैदान बंधाऱ्याच्या आत आहे आणि आठवडाभर ते मेंढ्यांचे असते. जिल्ह्यातल्या सगळ्यात खालच्या गटात आम्ही खेळतो. आमच्या खाली फक्त समुद्र आहे.

एवढ्या वर्षांत एकदाच, १९७१ साली, आम्ही एक पायरी वर चढलो. कसे चढलो ते लिहिते, कारण त्यावाचून हे कलम समजणार नाही.

इथली बोट भरतीच्या पाण्यावरच निघते. पाणी उतरले की सगळा चिखल. म्हणून सामन्याची वेळ आमच्याकडे चंद्र ठरवतो. बोटीचा भोंगा वाजला की पाहुणा संघ बुटांसकट धक्क्याकडे पळत सुटतो, आणि तेव्हाचा नियम असा की भोंग्याच्या वेळी जो गुणफलक तोच निकाल. त्या रविवारी पाहुणे होते समोरच्या किनाऱ्यावरचे विल्मरझीलवाले, म्हणजे माझे माहेर. माझा भाऊ आयलर्ट त्यांचा सेंटर फॉरवर्ड. ओले कपडे घरी न्यायला कोणीतरी हवे, म्हणून मी बरोबर आले होते. हायेसांड दोन, विल्मरझील एक. विल्मरझीलला बरोबरी झाली तरी पुरत होती. आणि अगदी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. आयलर्टने चेंडू ठेवला, मागे सरकला, चड्डी वर ओढली, आणि भोंगा वाजला.

बोटीचा कप्तान विआर्ड होता. पन्नास वर्षे क्लबचा सभासद, पण घरच्या मैदानावर एकही सामना खेळला नाही, कारण दर सामन्याला तो बोटीवर अडकलेला असे. तिथून तो दुर्बिणीने खेळ बघे. वाचणाऱ्याने दुर्बीण लक्षात घ्यावी.

मी तेव्हा क्लबच्या खोलीत केकचा दुसरा तुकडा खात होते. बाहेर आले तर बोट गेलेली, मैदानात मेंढ्या शिरलेल्या आणि पेनल्टीच्या ठिपक्यावर तो चेंडू. दुसऱ्या दिवशी बोट परत आली तेव्हा मी तो चेंडू घेऊन धक्क्यावर उभी होते.

"पाणी उतरत होतं," कप्तान म्हणाला.

"थापा."

"थोडं उतरत होतं."

"दुर्बिणीतून दिसलं वाटतं?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, "केक उरला असेल तर... पुढची बोट मी उशिरा सोडू शकतो." पुढची बोट इतकी उशिरा सुटली की पोस्टमास्तरांनी तक्रार केली. सहा महिन्यांनी मी त्याच्याशी लग्न केले. आयलर्ट लग्नाला आला, पण केकला हात लावला नाही.

तो चेंडू माझ्या कपाटावर आहे. तो मी आयलर्टला देते. माझ्या दफनाच्या दिवशी भाषणे आटोपली की त्याने ती पेनल्टी मारावी. तो ऐंशीचा आहे, त्याला धावायला थोडी सवलत द्यावी. चेंडू आत गेला तर १९७१ चा निकाल बरोबरीचा समजावा, जिल्ह्याची फुटबॉल संघटना काहीही म्हणो. बाहेर गेला तर आयलर्टने त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचे नाही. पाद्रीबुवांनी प्रवचन लांबवू नये. पाहुण्यांना बोट गाठायची असते.

कलम तिसरे : किरकोळ

कपडे धुण्याचे यंत्र, चिमट्यांची टोपली आणि चिखलाचे डाग काढायची युक्ती इम्के टाडेन हिला. ती आमची पोस्टाची बाई, आणि माझे गुडघे गेल्यापासून क्लबचे कपडे तीच धुते. युक्ती म्हणजे चिखल आधी पूर्ण वाळू द्यायचा. लोक घाई करतात. विआर्डचे स्वेटर क्लबचे अध्यक्ष फोल्केर्ट हाइकेन यांना. पोट आत घेतले तर होतील. पुस्तके गोलकीपरच्या बायकोला, मिलेनाला. ती बल्गेरियाची आहे आणि आमची भाषा पुस्तकांतून शिकते आहे, जशी मी बाकीचे सगळे शिकले. बँकेत जे निघेल त्यातून माझे दफन करावे, भरपूर केक करावा आणि उरेल त्यात क्लबच्या न्हाणीघरात गरम पाणी आणावे. हे पाणी १९५८ पासून "पुढच्या वर्षी" येते आहे.

कलम चौथे : घर

हिवाळ्यात या गल्लीत दोनच खिडक्यांत दिवा असतो, माझ्या आणि बेकरीच्या. बाकीची घरे बाहेरच्यांनी घेतली. ते जुलैत येतात, वाऱ्याला नावे ठेवतात आणि सप्टेंबरात जातात. त्यांच्यातल्या एकालाही चेंडू लाथाडता येत नाही. इथल्या पोरांना राहायला खोली मिळत नाही, म्हणून पोरे समोरच्या किनाऱ्यावर निघून जातात. आज क्लबकडे बरोबर अकरा जण आहेत. त्यांत डावीकडचा बचावपटू चोपन्न वर्षांचा आहे आणि वळायच्या आधी तो सगळ्यांना सांगतो.

अकरावा आहे गोलकीपर त्यार्क. तो बोटीवर दोर बांधायचे काम करतो. मिलेना त्याची बायको, हॉटेलात स्वयंपाक करते. दोघे हॉटेलच्या नोकरांच्या एका खोलीत राहतात, आणि शरद ऋतूत त्यांना मूल होणार आहे. त्या खोलीत पाळणा ठेवला तर दार उघडणार नाही. विल्मरझीलमध्ये त्यांना घर मिळते आहे. तिथल्या क्लबने त्यार्कला नवे हातमोजेसुद्धा पाठवले. हे मला पोस्टाच्या बाईकडून कळले, आणि पोस्टाच्या बाईला हे कसे कळले ते मी विचारले नाही. जुलैत संघांची नोंदणी आहे. अकरा नावे नसली तर संघटना नाव घेत नाही, आणि टुस हायेसांड शंभरी गाठायच्या आत संपतो.

म्हणून माझे हे घर, चारही खोल्या, मागची अवजारांची खोली आणि कोंबड्यांसकट, माझ्या मृत्यूनंतर मी टुस हायेसांड या क्लबला देते. इथे सुट्टीचे पाहुणे कधीही ठेवायचे नाहीत. इथे बारा महिने राहणाऱ्यानेच राहावे, आणि त्याने क्लबसाठी खेळावे. पाय गेले तर शिट्टी वाजवावी, तेही जमेना तर रेषेबाहेरून ओरडावे, पण घरी बसायचे नाही. पहिले भाडेकरू त्यार्क आणि मिलेना.

इथवर लिहिले आणि दोन्ही साक्षीदार आले. त्यांचे बोलणेही लिहून ठेवते, कारण पुढे ते दोघेही नाकारतील.

फोल्केर्टने चौथे कलम वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि बंधाऱ्यापलीकडे ऐकू जाईल असे नाक शिंकरले.

"वहिनी, क्लब वाचला!"

"कधी?" इम्केने विचारले.

"कधी म्हणजे? हे काय लिहिलंय!"

"काका, लिहिलंय काकू गेल्यावर. नोंदणी जुलैत आहे."

फोल्केर्टने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, जसा तो बाजारात मेंढीकडे पाहतो.

"वहिनी... तब्येत कशी काय हल्ली?"

"ठणठणीत."

"अरेरे!" तो बोलून गेला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबले.

इम्के टेबलावर डोके ठेवून हसू लागली. "डॉक्टर काय म्हणतात, काकू?"

"म्हणतात, नव्वदी गाठाल."

"झालं! तोवर त्यार्कचं पोरगं विल्मरझीलकडून आपल्याला गोल मारत असेल."

"काहीतरी कर ना वहिनी," फोल्केर्ट म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते. "निदान सर्दी तरी करून घे!"

"जुलैच्या आत मरणं मला जमायचं नाही. कोंबडी अंड्यांवर बसलीय."

मग आम्ही तिघे असे हसलो की बेकरीवाला दारात येऊन विचारून गेला, काय झाले म्हणून. हसता हसता फोल्केर्ट मागे झाला आणि विआर्डच्या खुर्चीत बसला. चार वर्षांत त्या खुर्चीत कोणी बसले नव्हते. त्याला ते उशिरा कळले. तो उठू लागला. मी म्हटले, "बस. खुर्च्या बसायलाच असतात." आणि त्याच्यापुढे कप ठेवला. मग इम्के म्हणाली, "पण खरंच, जुलैचं काय करायचं?" कायद्याच्या पुस्तकात याचे उत्तर नाही. तिथे सगळे माणूस मेल्यानंतरच सुरू होते.

वरचे सगळे मी माझ्या हाताने, न थांबता आणि फार काही न खोडता लिहिले आहे. ते मला मान्य आहे, आणि ज्याला नाही त्याने मी असताना येऊन भांडावे.

स्थळ : हायेसांड बेट
दिनांक : शनिवार, १७ मे २०२५
(सही) गेस्के उब्बेन

साक्षीदार :
१. फोल्केर्ट हाइकेन, अध्यक्ष, टुस हायेसांड
२. इम्के टाडेन, पोस्ट

पुरवणी, रविवार, १८ मे २०२५

पहिली तीन कलमे आहेत तशी राहतील. चौथ्यातले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द कागदोपत्री असू देत. त्यांच्यासाठी थांबायला मला सवड नाही. आज सकाळी मी फोल्केर्ट आणि इम्के यांच्या मदतीने माझा पलंग मागच्या अवजारांच्या खोलीत हलवला, हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेले आणि पुढच्या दाराची किल्ली मिलेनाच्या हातात दिली.

(सही) गेस्के उब्बेन